गंगाजळी आणि व्याजाचा दर

व्याजाचे दर उतरल्याचे वृत्त आले की एकाच आळीतील दोन घरांत दोन निरनिराळे चेहरे दिसू लागतात. एका घरात घरबांधणीचे कर्ज फेडणारा तरुण आपल्या हप्त्याचा हिशेब नव्याने मांडतो आणि समाधानाने कागद मिटतो. शेजारच्या घरात भविष्यनिर्वाह निधीची पुंजी बँकेत ठेवून तिच्या व्याजावर संसार चालविणारा निवृत्त शिक्षक औषधांची यादी पुन्हा एकवार वाचतो आणि तिच्यातील काय वगळता येईल याचा विचार करू लागतो. २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर, म्हणजे बँकांना तिच्याकडून अल्प मुदतीने पैसा ज्या दराने मिळतो तो दर, साडेसहा टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर आणला, तेव्हा हेच दृश्य घरोघरी दिसले. ऋणको हर्षित झाला, धनको खिन्न झाला आणि चर्चा तेथेच थांबली. आमच्या मते ती तेथे थांबू नये. दर खाली का येतात, आणि ते खाली आल्यावर स्वस्त झालेला पैसा जातो कोणाच्या दारी, हे दोन प्रश्न हप्त्याच्या हिशेबाहून फार मोठे आहेत.

ही घसरण कालपरवाची नव्हे. आपल्या देशात सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के व्याज मिळत असे. २००३ साली ते आठ टक्क्यांवर आले. मधल्या काळात किंचित वर चढून एप्रिल २०२० मध्ये ते ७.१ टक्क्यांवर उतरले. बारा टक्के ही गोष्ट आता आजोबांनी नातवाला सांगण्यापुरती उरली आहे. परदेशांची कथा याहून विलक्षण. जपानच्या मध्यवर्ती बँकेने १९९९ सालीच आपला दर शून्यावर नेला. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने जून २०१४ पासून जुलै २०२२ पर्यंत शून्याच्याही खालचा दर चालविला. २०१९ साली डेन्मार्कमधील एका बँकेने घरासाठी दहा वर्षांचे कर्ज उणे अर्धा टक्का दराने देऊ केले, आणि त्याच वर्षी जगातील सुमारे सतरा लाख कोटी डॉलरांचे रोखे अशा उलट्या व्याजावर लोकांनी बाळगले होते. ज्याने पैसा दिला त्यानेच भुर्दंड सोसायचा, हे सावकारीच्या कोणत्याही शास्त्रात न बसणारे कौतुक आमच्या पिढीने पाहिले. २०२२ पासून महागाईच्या भडक्याने दर पुन्हा वर गेले आणि अमेरिकेत २०२३ च्या जुलैत ते सव्वापाच-साडेपाच टक्क्यांपर्यंत पोचले, हे खरे. परंतु भडका शमताच पाणी पुन्हा उतरणीला लागले. तेव्हा ही ओढ कशाची आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

याचे उत्तर शोधण्यासाठी लंडन वा न्यूयॉर्कला जाण्यापूर्वी वाचकांनी आमच्याबरोबर ग्वाल्हेरला यावे, अशी आमची विनंती आहे. कारण या प्रश्नाचा गाभा ज्या एका शब्दात सामावलेला आहे, तो शब्द आपण मराठी माणसे रोज वापरतो. तो म्हणजे ‘गंगाजळी’. रिझर्व्ह बँकेपाशी डॉलर साठले की आपली वृत्तपत्रे ‘परकीय चलनाची गंगाजळी वाढली’ असा मथळा देतात. मूळची गंगाजळी म्हणजे गंगोदकाने भरून तोंड बंद केलेले पात्र. ते देवघरात असते. रोजच्या तहानेसाठी त्याला कोणी हात लावीत नाही. ते अखेरच्या घटकेसाठी राखलेले असते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी आपल्या किल्ल्यातील राखीव खजिन्याला हेच नाव दिले होते. दौलतरावांनी १८१० च्या सुमारास गडाच्या पायथ्याशी छावणी घातली, तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले, आणि ज्या घराण्याने उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांचा दरारा निर्माण केला, त्याची पुंजी गडाच्या पोटात साठत गेली.

या पुंजीचे व्याज किती? शून्य. किंबहुना शून्याहूनही कमी, कारण तिच्यावर पहारा बसवावा लागे आणि पहारेकऱ्यांना पगार द्यावा लागे. युरोपातील पंडितांनी ज्याला एकविसाव्या शतकातील चमत्कार म्हटले, ते उणे व्याज आपल्या संस्थानिकांच्या तळघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालू होते. पैसा होता, विपुल होता, पण त्याला काम नव्हते. एकदाच काय तो या खजिन्याला इतिहासाने हाक मारली. १८५८ च्या जूनमध्ये झाशीची राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरात शिरले, जयाजीराव शिंदे आग्र्याकडे गेले, आणि खजिनदार अमरचंद बांठिया यांनी खजिना खुला करून स्वातंत्र्ययुद्धाच्या शिपायांचे पगार भागविले. इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर बांठियांना लष्करच्या सराफ्यात झाडावर फाशी दिले. द्रव्य कोणाच्या कामी यावे, या प्रश्नाचे उत्तर एका कारकुनी पेशाच्या माणसाने प्राण देऊन दिले होते. राज्यकर्त्यांनी पुढे त्याचे निराळे उत्तर शोधले.

१८७२ साली ग्वाल्हेर दरबाराने आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले, आणि १८७३ साली इंदूर-नीमच मार्गासाठी जवळजवळ तितकेच. शेजारच्या इंदुरात तुकोजीराव होळकरांनी याच्या थोडे आधी आपल्या लोहमार्गासाठी एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने दिले होते, आणि तेही १०१ वर्षांच्या मुदतीने! आपल्या पणतवंडांच्या काळापर्यंत साडेचार टक्क्यांवर समाधान मानण्याची ही तयारी आज कोणत्याही ठेवीदाराला थक्क करील. १८८६ च्या जूनमध्ये जयाजीराव निवर्तले. इंग्रजांनी १८५८ पासून अडकवून ठेवलेला किल्ला त्याच वर्षी शिंद्यांना परत मिळाला होता. वारस माधवराव अवघे नऊ वर्षांचे, कारभार मंडळाच्या हाती. १८८७ साली या दरबाराने हिंदुस्थान सरकारला साडेतीन कोटी रुपये कर्ज दिले. गडाच्या पोटातली गंगाजळी अशा रीतीने कलकत्त्याच्या तिजोरीत वाहू लागली.

आता त्या काळचा व्याजाचा दर पाहावा. हिंदुस्थान सरकारचे रुपयाचे रोखे चार-साडेचार टक्क्यांनी खपत असत. १८९४ साली सरकारने चार टक्क्यांचे रोखे साडेतीन टक्क्यांवर आणले आणि १८९६ साली तर तीन टक्क्यांनी कर्ज उभारले. साहेबाच्या कारभारावरील विश्वास, असे याचे कारण सरकारी पुस्तकांतून दिले जाई. परंतु त्याच काळातले दुसरे चित्र पाहा. शिंद्यांच्या कर्जानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १८७५ साली, पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चालून जाऊन कर्जखते जाळली. दख्खनच्या त्या दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. ज्या कागदांना त्यांनी अग्नी दिला, त्यांवरचे व्याज चार-साडेचार टक्के नव्हते. शेकडा चोवीस, छत्तीस, प्रसंगी त्याहूनही अधिक होते. आणि ज्या १८९६ साली सरकारला तीन टक्क्यांनी पैसा मिळाला, त्याच वर्षी देशावर दुष्काळ कोसळला. मूठभर बियाण्यासाठी कुणब्याला मात्र कोणी तीन टक्क्यांनी उभे केले नाही.

पैसा एकाच वेळी अतिस्वस्त आणि अतिमहाग असू शकतो, हा या इतिहासाचा पहिला धडा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९१ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत ग्रामीण पतव्यवस्थेच्या पुनर्रचनेवर निबंध वाचला, तो याच विसंगतीवर बोट ठेवण्यासाठी. युरोपातील जमीन तारण ठेवून कर्ज देणाऱ्या पेढ्यांचे दाखले देऊन त्यांनी सांगितले की, शहरातील निष्क्रिय पुंजी आणि खेड्यातील भांडवलाची भूक यांची गाठ घालून देणारी संस्था उभारल्याशिवाय दोहोंचेही कल्याण नाही. व्याजाचा सरकारी दर किती, यापेक्षा ही गाठ पडते की नाही, हा खरा प्रश्न आहे, हे मर्म त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

दुसरा धडा पुन्हा ग्वाल्हेरनेच दिला. साकची येथे पोलादाचा कारखाना काढण्याचे जमशेटजी टाटांचे स्वप्न त्यांच्या निधनानंतर दोराबजींनी हाती घेतले, तेव्हा लंडनच्या पैसेवाल्यांनी हात आखडता घेतला. मग १९०७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत भाग विक्रीस काढले गेले आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी माणसांनी सोळा लाख तीस हजार पौंडांचे संपूर्ण भांडवल उभे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे, म्हणजे त्या वेळच्या दराने साठ लाख रुपयांचे, कर्जरोखे काढावे लागले, तेव्हा ते सर्वच्या सर्व एकट्या माधवराव शिंद्यांनी घेतले. १९१२ साली साकचीच्या भट्टीतून पोलाद बाहेर पडले. माधवरावांनी आपल्या राज्यात भिंड, शिवपुरी आणि श्योपूरपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी नेली. १९०९ साली पूर्ण झालेली तिची श्योपूरची शाखा २०२० पर्यंत धावत होती. बापाच्या पिढीचा पैसा परक्या सरकारच्या रोख्यांत विसावला, मुलाच्या पिढीचा स्वदेशी पोलादात आणि लोखंडी रुळांत उतरला. दोन्ही वेळा देणारा तोच, तिजोरी तीच, आणि व्याजाच्या दरात म्हणावा असा फरक नाही. फरक पडला तो पैशाला मिळालेल्या कामात.

हे ध्यानात घेतले म्हणजे आजच्या अल्प व्याजाचे कोडे सुटू लागते. व्याज ही पैशाची मजुरी आहे. मजूर फार आणि काम थोडे असले की मजुरी उतरते, पैशाचेही तसेच. स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ विक्सेल यांनी १८९८ साली सांगितले की, बँकांनी ठरविलेल्या दराच्या मागे एक नैसर्गिक दर असतो, आणि तो नव्या भांडवलापासून किती मिळकत होण्याची आशा आहे यावर ठरतो. मध्यवर्ती बँक म्हणजे नावाडी. ती सुकाणू फिरवील, पण ओहोटीची भरती करू शकणार नाही. १९३० च्या मंदीत केन्स यांनी याच्या पुढची पायरी दाखविली. भविष्याविषयी भय वाटू लागले की लोक पैसा हातातून सोडीत नाहीत, आणि मग दर शून्यापर्यंत उतरले तरी कोणी नवा कारखाना काढीत नाही. गडाच्या तळघरातील नाणी आणि बँकेच्या वहीतील शिल्लक यांत अशा वेळी काहीच भेद उरत नाही.

आजच्या जगात ही बचत कोठून आली? तिचे उगम अनेक आहेत. जपान, जर्मनी आणि मागोमाग चीन येथे लोकसंख्या वृद्ध झाली. दीर्घायुष्याची तरतूद म्हणून माणसे अधिक साठवितात आणि तरुणांची संख्या घटल्यामुळे घरे, शाळा, कारखाने यांची नवी गरज कमी पडते. संपत्ती थोड्यांच्या हाती एकवटली, हे दुसरे कारण. गरिबाच्या हाती शंभर रुपये पडले तर त्याच आठवड्यात ते बाजारात येतात. कोट्यधीशाच्या हाती पडले तर ते रोख्यांत जातात. तिसरे कारण उद्योगाच्या स्वरूपातील पालट. पोलादाच्या कारखान्याला भट्ट्या, रूळ, खाणी लागत. आजच्या संगणकी उद्योगाला त्या मानाने भांडवल थोडे लागते आणि नफा मात्र अमाप होतो. चौथे कारण म्हणजे १९९७ च्या आशियाई अरिष्टाने पोळलेल्या राष्ट्रांनी साठविलेल्या परकीय चलनाच्या गंगाजळ्या. अमेरिकेचे बर्नान्की यांनी २००५ साली याला जागतिक बचतीचा पूर म्हटले. २०१३ साली समर्स यांनी दीर्घकालीन कुंठितावस्थेचे भाकीत केले. शब्द निरनिराळे, आशय एकच. जगात पैसा अडून पडला आहे आणि कामे मात्र पडून राहिली आहेत.

या चौथ्या कारणात आपला वाटा लहान नाही. १९९१ साली आपल्यापाशी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन उरले होते आणि सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण टाकण्याची नामुष्की देशाने सोसली. ती आठवण ताजी असल्यामुळे आपण साठवीत गेलो आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ही गंगाजळी सातशे अब्ज डॉलरांच्या वर पोचली. संकटासाठी ती हवी, हे आम्ही पूर्णपणे मान्य करतो. परंतु तिचा मोठा भाग परदेशी सरकारांच्या रोख्यांत गुंतलेला असतो, आणि ज्या काळात त्या रोख्यांवर एक-दोन टक्के मिळत होते, त्याच काळात आपल्या खेड्यातील बायका छोट्या कर्ज संस्थांना वीस टक्क्यांच्या वर व्याज भरीत होत्या. १८७२ आणि १८७५ ही दोन साले एकमेकांशेजारी ठेवून आम्ही जे चित्र दाखविले, त्याची रूपरेषा आजही फारशी पुसलेली नाही. राजा गेला, साहेब गेला; उताराच्या दिशेने वाहण्याची पैशाची खोड गेली नाही.

मग धोरण काय असावे? पहिली गोष्ट ही की, दर उतरविला म्हणजे उद्योग आपोआप उभा राहील, ही समजूत टाकून द्यावी. पुरावा पुन्हा ग्वाल्हेरचाच आहे. दरबाराच्या प्रोत्साहनाने १९२१ च्या सुमारास उभी राहिलेली बिर्लानगरची जयाजीराव कापड गिरणी नव्वदीच्या दशकात बंद पडली. २००३ साली पैसा देशात कित्येक दशकांत नव्हता इतका स्वस्त झाला, सरकारी रोखे पाच-सहा टक्क्यांवर उतरले. पण त्या गिरणीच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. जुनी यंत्रे, बदललेला बाजार आणि खचलेली व्यवस्था यांवर स्वस्त व्याज हे औषध नव्हे. उलट याच्या पाठोपाठच्या तेजीत बँकांनी रस्ते, वीज आणि पोलाद यांतील बड्या धन्यांना सढळ हाताने कर्जे दिली, आणि मार्च २०१८ मध्ये बँकांच्या एकूण कर्जांपैकी अकरा टक्क्यांहून अधिक थकीत झाली. ती भरून काढण्यासाठी सरकारने बँकांत ओतलेला पैसा त्या निवृत्त शिक्षकाच्याही करातून आला होता. स्वस्त पैसा ज्याच्या हाती द्यायचा त्याची आणि कामाची पारख नसेल, तर स्वस्ताईच महाग पडते.

दुसरी गोष्ट, खाजगी भांडवलाला काम सापडत नसेल तेव्हा सरकारने काम काढावे, आणि ते असे काढावे की दोन पिढ्या त्याचे फळ खातील. आमच्या किनाऱ्याचा अनुभव येथे बोलका आहे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग खुला झाला. डोंगर फोडून, दऱ्या बांधून उभारलेल्या या मार्गाचा पैसा बाजारात चढ्या दराने रोखे विकून उभारावा लागला, आणि त्या व्याजाचे ओझे महामंडळाच्या खांद्यावर पुढे कित्येक वर्षे राहिले. व्याज महाग असताना आपण कोकण रेल्वे बांधली. व्याज स्वस्त झाल्यावर आपण त्या तोलाचे काय बांधले, असा प्रश्न आम्ही राज्यकर्त्यांना विचारतो. पाटबंधारे, बंदरे, इस्पितळे, शाळांच्या इमारती, सांडपाण्याची व्यवस्था ही कामे स्वस्त पैशाच्या काळातच काढावयाची असतात. मात्र कर्ज काढून पगार भागविणे आणि निवडणुकीच्या तोंडावर खैरात वाटणे हे त्यात बसत नाही. होळकरांचे कर्ज १०१ वर्षांचे होते, पण त्याच्या मोबदल्यात जमिनीवर रूळ उमटले होते. जे कर्ज मागे रूळ ठेवून जात नाही, ते पुढच्या पिढीला नुसती खतावणी ठेवून जाते.

तिसरी गोष्ट अल्प ठेवीदाराची. त्याच्याविषयी आम्हांला विशेष आस्था आहे, कारण धोरणाच्या सभागृहात त्याचा वकील नसतो. रेपो दर मे २०२० पासून मे २०२२ पर्यंत चार टक्के होता. २०२२ च्या प्रारंभी वर्षभराच्या ठेवीवर मोठ्या बँका पाच टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या, आणि त्या एप्रिलमध्ये किरकोळ महागाई पावणेआठ टक्क्यांवर गेली. म्हणजे ठेवीदाराने शंभर रुपये ठेवले, वर्षाने एकशे पाच मिळाले, आणि बाजारात जी वस्तू शंभराला होती ती एकशे आठाला झाली. त्याने बचत केली आणि तो गरीब झाला. याला कर म्हणत नाहीत, पण तो करच आहे, आणि विधिमंडळाच्या संमतीवाचून बसविलेला आहे. केन्स यांनी व्याजखाऊ वर्गाचा सुखान्त व्हावा अशी अपेक्षा केली होती. परंतु त्यांच्या डोळ्यांपुढे लंडनचा गर्भश्रीमंत होता, कुडाळचा वा पेडण्याचा पेन्शनर नव्हता. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००४ साली सुरू झालेली बचत योजना हे योग्य पाऊल होते. तिच्या पुढे जाऊन, ठरावीक रकमेपर्यंतच्या कौटुंबिक बचतीला महागाईपासून संरक्षण देणारी साधी, पोस्टात मिळणारी योजना सरकारने काढावी. महागाईशी निगडित रोख्यांचा प्रयोग २०१३ साली झाला. तो सामान्य माणसापर्यंत पोचला नाही म्हणून कल्पनाच टाकाऊ ठरत नाही.

चौथी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, स्वस्त पैसा शेवटच्या घरापर्यंत नेणे. १९५१-५२ साली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत आढळले होते की, शेतकऱ्याच्या कर्जापैकी जेमतेम तीन टक्के सहकारी संस्थांकडून येते आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास सावकारांकडून. त्यानंतर सहकार वाढला, १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १९७२ साली अत्यंत दुर्बल घटकांना चार टक्के दराने कर्ज देण्याची विभेदक व्याजदर योजना निघाली. या योगायोगावर वाचकांनी क्षणभर थांबावे. १८७२ साली चार-साडेचार टक्क्यांनी पैसा मिळे तो साम्राज्याला. बरोबर शंभर वर्षांनी स्वतंत्र भारताने तो दर बुरुडाला, चांभाराला, भूमिहीनाला देऊ केला. बँकांनी आदल्या वर्षीच्या कर्जांच्या एक टक्का रक्कम यासाठी द्यावी, इतकीच अपेक्षा होती. ती योजना कागदावर राहिली, कारण लहान कर्जाची कटकट कोणालाच नको होती. एखाद्या बाजाराच्या कोपऱ्यावर फळांची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला आजही रेपो दर ठाऊक नसतो. तिला ठाऊक असतो तो सकाळी घेतलेल्या पैशावर संध्याकाळी कापला जाणारा वरचा पैसा. तिच्यापर्यंत उतरलेला दर पोचत नाही, तोपर्यंत त्याला धोरण म्हणण्यास आम्ही तयार नाही.

हा दोष दूरच्या दिल्लीवर ढकलून आम्हांला मोकळे होता येणार नाही. आमच्या गोव्यात बँकांच्या शाखा गल्लोगल्ली आहेत. आखाती देशांत, जहाजांवर, युरोपात राबणाऱ्या माणसांनी पाठविलेला पैसा त्यांत वर्षानुवर्षे साठतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील घरांत मुंबईची मनीऑर्डर साठे, तिचेच हे नवे रूप. परंतु या ठेवींच्या जेमतेम एक तृतीयांशाइतकीच कर्जे याच भूमीत दिली जातात; उरलेला पैसा बाहेर जातो. बागाईतदार नवी झाडे लावीत नाही, खाजण जमिनींचे बांध फुटतात, मासळीवर प्रक्रिया करणारा कारखाना भांडवलासाठी खोळंबतो, आणि त्याच वेळी बाहेरचा स्वस्त पैसा येथे येतो तो डोंगरउतारावरील जमिनी विकत घेण्यासाठी. आमचाच पैसा आमच्या हातून जातो आणि परका होऊन आमची जमीन मागण्यास येतो. ग्वाल्हेरच्या गडातील गंगाजळीला हसण्याचा अधिकार आपणांस आहे काय? आपल्या पासबुकांतून आपण तीच साठवीत आहो.

व्याजाचे दर येत्या काळात आणखी उतरतील की चढतील, याचे भाकीत करण्याचा आमचा अधिकार नाही. मोठमोठ्या मध्यवर्ती बँकांची भाकिते या बाबतीत चुकली आहेत. परंतु दर कोणताही असो, त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलणे आपल्या हाती आहे. अल्प व्याज ही सुबत्तेची पावती समजू नये. पुष्कळदा ती समाजाने न केलेल्या कामांची यादी असते. ती यादी वाचून कामे काढणारे सरकार, कर्जदाराची पत त्याच्या घामावरून ओळखणारी बँक, आणि आपल्या ठेवीचे पुढे काय होते हे विचारणारा ठेवीदार, या तिघांची गरज आहे. स्वतः ग्वाल्हेरच्या त्या खजिन्याचे नाव अखेर लोकराज्याच्या कायद्यात आले. संस्थान विलीन झाल्यावर १९५४ साली मध्य भारताने गंगाजळी निधीसाठी विश्वस्त कायदा केला. राजाच्या गुप्त धनाला विश्वस्त मिळाले, हा लहान का होईना, लोकशाहीचा विजय होता. देशाच्या बचतीलाही असेच विश्वस्त हवेत. देवघरातील गंगोदक अंतकाळासाठी अवश्य राखावे. पण घरात माणसे तहानलेली असताना सगळेच पाणी गडूत भरून वर लाखेची मोहोर करणे याला कोणत्याही धर्माने पुण्य म्हटलेले नाही.